रस्ता पूर्ण बंद करून काम करा, असं आपणच लिहून द्यावं का?

व्हॅनवाले काका:

नमस्कार मंडळी. मी शाळेची व्हॅन चालवतो. १९ वर्षं झाली. सकाळी सव्वासहाला पहिलं पोट्टं उचलतो, पावणेआठच्या आत तीन शाळा, दुपारी तेच उलटं. त्यामुळं नागपुरात कुठं नवीन खोदलं ते मला पेपरवाल्याच्या आधी कळते.

दक्षिण नागपुरातला आमचा एक सव्वा किलोमीटरचा रस्ता आहे. नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की खाली दहा जण हा अमक्याच्या काळातला न तो तमक्याच्या काळातला सुरू करतात, आणि रस्ता राहतो बाजूला. डांबरी होता, सिमेंटचा होऊन राहिला. काम सुरू झालं त्याला दोन दिवाळ्या उलटल्या. पद्धत आपल्याकडं सगळीकडं असते तीच. डावा अर्धा खोदायचा, उजव्यावरून जाणारे-येणारे दोन्ही सोडायचे, डावा झाला की उजवा. डावा झाला म्हणता म्हणता तीन ठिकाणी राहिला आहे, कारण तिथं पाण्याची लाइन आडवी येते. उजव्याला अजून हात नाही.

आता त्या रस्त्यावर काय आहे ते ऐका. झालेला सिमेंटचा अर्धा जुन्या डांबरापेक्षा सव्वा फूट उंच आहे. म्हणजे मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पायरी. त्या पायरीतून आडव्या सळाखी बाहेर आलेल्या, दीड वीत लांब, दर दोन फुटांवर एक. पुढं उजवा अर्धा टाकला की त्यात त्या जाणार म्हणे. तोवर त्या तशाच, पोट्ट्यांच्या नडगीच्या उंचीला.

नोव्हेंबरमध्ये मी गाडीतल्या पोट्ट्यांना सांगितलं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, मला द्या. एका रविवारी मी आणि चौकातला पंक्चरवाला बसलो आणि शाळेसमोरच्या तुकड्यात एकेका सळाखीवर एकेक बाटली उपडी घातली. १४० बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर अर्ध्या गायब. भंगारवाल्यानं नेल्या. आता त्याला तरी काय बोलणार, त्याचाही धंदाच आहे.

डिसेंबरात धुक्याच्या सकाळी माझ्याच गाडीतल्या एका मुलीची आई तिला स्कुटीनं सोडायला निघाली, त्या दिवशी मुलीला उठायला उशीर झाला म्हणून माझी गाडी चुकली होती. सिमेंटच्या अर्ध्यावरून जात होती. समोरून पाण्याचा टँकर आला, तिनं गाडी कडेला दाबली, मागचं चाक पायरीवरून खाली. मनगटात धातूची पट्टी टाकावी लागली. मुलगी दोन सळाखींच्या मधल्या जागेत पडली. तिचा डबा मी उचलला, त्याला सळाखीची खोक पडली होती. त्या डब्याकडं पाहून मला जे झालं ते लिहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हटलं तर हसण्यासारखी आहे. शेवटचा तुकडा टाकला त्या रात्री कोणीतरी पत्रे सरकवून ओल्या सिमेंटात मोटरसायकल घातली. ४० फूट चाकाची चरी, आणि जिथं गाडी फसली तिथं एक बुटाचा ठसा, कंपनीच्या शिक्क्यासकट. परवाच्या अवकाळीत त्या चरीत पाणी उभं होतं. नवा रस्ता, एकही गाडी कायदेशीर चालायच्या आधी खराब.

मागच्या आठवड्यात वस्तीतले आम्ही सात-आठ जण रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांना भेटलो. मी म्हटलं, साहेब, उजवा अर्धा करताना रस्ता पूर्ण बंद करा ना, एकदाचं होऊन जाऊ द्या. साहेब म्हणाले, "बंद केला की तुम्हीच मोर्चा आणता." खोटं नाही बोलले.

माझा हिशोब असा. विदर्भातल्या शाळा मे लागता लागता सुटतात आणि उन्हामुळं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडं भरतात. तेवढ्या दिवसांत रस्ता पूर्ण बंद करावा. सुट्टीत पुरं झालं नाही तर मला फेऱ्याला २.३ किलोमीटरचा वळसा पडेल, दिवसाच्या चार फेऱ्या, म्हणजे पेट्रोलचे सत्तरेक रुपये रोज. पालक ते देणार नाहीत, मला माहीत आहे. तरी चालेल.

अडचण घरातली आहे. माझ्या साडभावाचं त्याच रस्त्यावर स्टेशनरीचं दुकान आहे. मी साहेबांपुढं काय बोललो ते त्याला संध्याकाळपर्यंत कळलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, न बायको माझ्याशी जास्त बोलून राहिली.

तर विचारायचं हे. पूर्ण बंद केल्यानं काम खरंच लवकर होते, की नुसतं आपल्याला वाटते? किती दिवस लागतील? परवानगी कोण देते? कोणाच्या भागात असं झालं असेल तर कसं झालं ते सांगा. "सगळे चोर आहेत" हे उत्तर मला आधीच माहीत आहे, ते टाकू नका.

गिट्टी-चुरी:

काका, मी अशाच कामांवर साइट इंजिनिअर आहे, तुमच्या रस्त्यावर नाही. पगार कंत्राटदाराकडून येतो, हे धरून वाचा.

काम लवकर होतं, पण लोक समजतात त्या कारणानं नाही. काँक्रीट ओतणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. आधी खोदाई, मग मुरूम-गिट्टीचे थर आणि रोलर, त्यावर साधारण १५० मिलिमीटरचा कोरड्या काँक्रीटचा थर, ज्याला आम्ही डीएलसी म्हणतो, त्याला पाणी मारून काही दिवस सोडायचं, वर प्लास्टिकचा कागद, आणि मग मुख्य स्लॅब. स्लॅबला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. अर्धा-अर्धा केला की ही साखळी दोनदा. ते २८ दिवसही दोनदा.

आणि प्रत्येक पायरीवर जागा कमी. साडेतीन मीटरच्या पट्टीत रोलर वळत नाही. मिक्सर गाडी उलटी आणावी लागते, तीही तुमच्या व्हॅनच्या आणि टँकरच्या गर्दीतून. प्लांटमधून निघालेलं काँक्रीट दीड-दोन तासांत रिकामं झालं पाहिजे, उन्हात त्याहून लवकर. गाडी चौकात अडकली की माल घट्ट होतो, आणि मग ड्रायव्हर किंवा मजूर ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. माल पुन्हा पातळ होतो, दिसायला छान, पण त्या स्लॅबची ताकद तिथंच गेली. दोन वर्षांनी तो तुकडा उखडला की सगळे सिमेंटला शिव्या देतात. त्या दिवशी चौकात जाम होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

तसंच सांध्याचं. साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा कापावा लागतो, स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. तो काही तासांच्या आतच कापायचा. उशीर झाला की काँक्रीट आपल्या मनानं तडा काढतं, वाकडातिकडा. म्हणजे कटर बहुतेक रात्री चालतो. कापणारा पोरगा खाली मान घालून मशीन ढकलत असतो, कानाशी मशीनचा आवाज, आणि पाठीमागून तीन फुटांवरून टिप्पर जातात. रस्ता चालू ठेवायचा याचा अर्थ हाही आहे. स्कुटीवाल्या ताईंचं पेपरला आलं असेल-नसेल, आमच्या पोरांचं तर येतच नाही.

तुमच्या सळाखी म्हणजे टाय बार, १२ मिलिमीटरच्या. दोन अर्धे स्लॅब एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून असतात. त्यांच्या टोकांवर टोप्या आणि पुढं सलग अडथळा हवा, हे काम करणाऱ्याचंच काम आहे. तुमच्या बाटल्यांनी सळाख दिसते, टोचायची थांबत नाही. तरी घालत राहा.

आता उलटी बाजू. वेळ खरा जातो तो पाण्याची लाइन, गडरलाइन म्हणजे सांडपाण्याची लाइन, विजेच्या केबल आणि खांब हलवण्यात. हे सगळं वेगवेगळ्या खात्यांकडं. ते आधी झालं नसेल आणि रस्ता बंद केला, तर पत्रे लागतील आणि आत कुत्री झोपतील. तुमच्या डाव्या बाजूला तीन तुकडे ज्या लाइनमुळं राहिले, तीच लाइन उजवीकडंही जाते ना? मग पहिली मागणी ती. लाइन हलल्याशिवाय बंदची तारीख घेऊच नका.

मेबद्दलही सांगतो. काँक्रीट टाकताना त्याचं स्वतःचं तापमान ३० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. नागपूरच्या ४५ अंशांत ते दिवसा जमत नाही. पाण्यात बर्फ टाका, गिट्टीवर पाणी मारा, आणि ओता रात्री. वरून कोरडा वारा असला तर तासाभरात पापुद्र्यावर बारीक तडे. क्युरिंगला, म्हणजे टाकलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, गोणपाट आणि मातीच्या पाळी बांधून पाणी, तेही ज्या महिन्यात तुमच्या वस्तीत टँकर येतो त्या महिन्यात. होतं, पण पैसा आणि लक्ष दोन्ही लागतं.

लाइन आधी हलली, तर सव्वा किलोमीटरचा उजवा अर्धा: खोदाई आणि थर तीन आठवडे, स्लॅब आठ-दहा दिवस, मग २८ दिवस. दोन महिने धरा, मृगाचा पाऊस लवकर आला तर जास्त. एप्रिलच्या मध्यात खोदायला घेतलं तर शाळा भरायच्या आत बसतं. एकदम सगळा बंद करण्यापेक्षा दोन तुकडे करा, मधल्या चौकापर्यंत एक आणि पुढं एक.

संत्रा बर्फी:

एवढं कशाला घाबरून राहिले बे सगळे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत केला, गिनीज बुकात आहे. आणि वर्धा रोडचा डबल डेकर पूल खालची वाहतूक चालू ठेवूनच झाला. बंद करायची गरजच काय?

गिट्टी-चुरी:

भाऊ, दोन्ही खरं आहे आणि दोन्ही इथं लागू होत नाही. अमरावती-अकोल्याला तो डांबराचा थर होता, एका लेनचा, तयार पायावर. त्याच्यामागं महिन्यांची तयारी होती. आणि तिथं मशीनपुढं कोणी स्कुटी घालत नव्हतं, म्हणूनच मशीन एवढे तास थांबलं नाही. म्हणजे तुमचं उदाहरण काकांच्याच बाजूचं आहे. वर्धा रोडला काम दुभाजकात आणि डोक्यावर होतं, दोन्ही बाजूंना रुंद रस्ता. पूल १३ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाला, तोवर त्या पत्र्यांच्या बाजूनं रोज गेलेल्यांना विचारा "वाहतूक चालू होती" म्हणजे काय होतं ते.

लोखंड-पत्रा-प्लाय:

काका, तुमच्या साडभावाच्या बाजूनं मी बोलतो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, नंदनवनच्या पलीकडं. आमचा रस्ता चार वर्षांपूर्वी "पूर्ण बंद, फक्त ६० दिवस" म्हणून बंद केला. सात महिने लागले.

पहिल्या दिवशी पत्रे लागले ते दुकानाच्या पायरीपासून चार फुटांवर, सात फूट उंच, हिरवे. समोरून कोणाला दुकान दिसेना. माझं जुनं गिऱ्हाईक, २० वर्षांचं, त्यानं फोन करून विचारलं, "शेठ, दुकान विकलं का?" प्लायवूडची गाडी कोपऱ्यावर थांबायची, तिथून हातठेल्यानं आणायचं, ठेलेवाल्याचे दर फेऱ्याला १५० रुपये. १९ मिलिमीटरची एक शीट हातठेल्यावरून गिट्टीतून नेऊन पाहा, कोपरे फुटतात. फुटलेली शीट परत कोण घेणार? भाडं १८,००० चालूच. दोन पोरं कामावर होती, एकाला सोडावं लागलं. तो आता ऑनलाइन डिलिव्हरी करतो, रस्त्यात भेटला की मान वळवतो.

आणि काम सात महिने रोज चाललं का? नाही. तिसऱ्या महिन्यापासून ४० दिवस आत एक माणूस नव्हता. कारण? गडरलाइन. वरचे इंजिनिअर साहेब बरोबर बोलले.

रस्ता थोडा चालू असतो तोवर साहेबाच्या गाडीलाही तो त्रास होतो, आमदाराच्या गाडीलाही होतो. म्हणून कोणीतरी विचारतं, काय झालं हो? पूर्ण बंद झाला की त्यांची गाडी दुसरीकडून जाते आणि आम्ही विसरले जातो. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला पूर्ण बंद केला, पहिली बाजू उघडली २६ फेब्रुवारी २०२४ ला. मुंबईत, जिथं रोज छापून येतं, तिथं ही गत. वर उघडला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंची जुळेना. तो पूल धोक्याचा होता, बंद करणं भागच होतं, मान्य. पण बंद केला म्हणून लवकर झाला असं म्हणता येईल का?

मी सही करीन, अशा अटींवर. पत्र्यांच्या अलीकडं दुकानांसमोर पाच फूट चालायची पट्टी, फरशी किंवा चुरी दाबलेली, चिखल नाही. दर शंभर फुटांवर आरपार जायला फट. कोपऱ्यावर मोठी पाटी, "दुकाने सुरू आहेत". आणि काम सलग सात दिवस थांबलं तर पत्रे काढायचे. शेवटची अट कोणी मानत नाही, मला ठाऊक आहे. तरी लिहा.

तिसऱ्या गल्लीतली:

सगळे दुकान आणि रस्ता बोलून राहिले. मी ज्या गल्लीतून वळसा जातो त्या गल्लीत राहते.

आमच्याकडं मोठा रस्ता बंद झाला तेव्हा कुणी विचारलं नाही, कुणी कळवलं नाही. एका सोमवारी सकाळी दार उघडलं तर दारापुढं सिटी बस. आमची गल्ली २० फूट, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून उघडी नाली. आठवड्यात टँकरनं चेंबरचं झाकण फोडलं. त्या खड्ड्यात कोणीतरी बाभळीची फांदी रोवली, हा आपला ठरलेला बोर्ड. ती फांदी वाळून काटक्या झाली तोवर झाकण आलं नाही. सासूबाई रोज समोरच्या देवळात जायच्या, २० फूट. बंद केलं. म्हणाल्या, देव समजून घेईल, टिप्पर नाही घेणार.

आम्ही मग स्वतःच स्पीडब्रेकर केले, बांधकामाच्या उरलेल्या मालाचे, आणि ते इतके उंच झाले की एका गर्भार मुलीच्या ऑटोवाल्याशी आमचं भांडण झालं. चूक आमची होती.

काका, तुमच्या पत्रात वळशाच्या गल्ल्यांचं काय? एक गल्ली जायला, एक यायला, असं एकदिशा केलं तर निम्मी भांडणं होत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आडवा लोखंडी पाइप उंचीवर लावा म्हणजे टिप्पर आणि बस शिरणार नाही. चेंबरची झाकणं आणि नाली वळसा सुरू व्हायच्या आधी. आणि आम्हाला सांगा तरी, आधी, तारीख घालून.

निवृत्त शिट्टी:

३१ वर्षं वाहतुकीत काढली, त्यातली बरीच चौकात उभं राहून. परवानगीचं सांगतो, कारण विचारलं आहे.

रस्ता ज्याचा आहे ते खातं काम काढतं, पण वाहतूक बंद करायची अधिसूचना वाहतूक पोलिसांकडून निघते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली. बंदी एक महिन्याच्या आत असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. त्याहून लांब असेल तर राजपत्रात जाते. म्हणून पुष्कळदा महिना-महिना करून वाढवतात. ती वाढ मागायला येतात तेव्हा काम किती झालं हे विचारायची तुमची संधी असते. त्या वेळी वस्तीचं पत्र टेबलावर असेल तर फरक पडतो, मी पाहिलं आहे.

पत्र रस्त्याच्या खात्याला लिहा आणि प्रत वाहतूक उपायुक्तांना. भावनेचं कमी लिहा. नकाशा लावा, हातानं काढलेला चालेल. वळसा कुठून, रुग्णवाहिका कुठून, अग्निशमनची गाडी कुठून. बंद तुकड्यात कोणी डायलिसिसला जाणारं असेल, बाळंतपणाचं असेल, ती घरं खूण करा. नाव नको, घर दाखवा.

कामाच्या जागी पाट्या, पत्रे कसे लावायचे याचे नियम आहेत, इंडियन रोड्स काँग्रेसचे, आयआरसी एसपी ५५ म्हणतात. त्यात आधी सावध करायचा भाग, मग गाडी वळवायचा, मग कामाचा, मग पुन्हा मूळ वाटेला लागायचा, असे चार भाग सांगितले आहेत. आपल्याकडं पहिला भाग नसतोच. थेट पत्र्यावर जाऊन आपटलं की कळतं. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९८अ आहे. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल यांचे ठरवून दिलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यातून कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. पत्रात शेवटी एक ओळ ह्याची घाला, धमकी न देता. वाचणारा वाचतो.

अर्धवट रस्त्याबद्दल माझं मत विचाराल तर, चौकात उभा असताना मला पूर्ण बंद रस्त्याची भीती कधी वाटली नाही. बंद म्हणजे बंद, माणूस शिव्या देतो आणि वळतो. अर्धा उघडा असला की प्रत्येकाला वाटतं, आपण तेवढे बसू.

व्हॅनवाले काका:

सगळ्यांचे आभार. तिसऱ्या गल्लीतल्या ताई, तुमचं वाचून मला लाज वाटली. मी १९ वर्षं गल्ल्यांतूनच गाडी काढतो, न माझ्या डोक्यात गल्ली आलीच नव्हती. माझ्या डोक्यात फक्त पेट्रोल होतं.

पत्र पुन्हा लिहून काढलं. पाण्याची लाइन आधी, मग तारीख. दोन तुकडे. पाच फुटांची पट्टी. गल्ल्या एकदिशा, झाकणं आधी. बंद झाल्याच्या दिवसापासून उघडायची तारीख चौकात मोठ्या पाटीवर, आणि ती खोडून नवी लिहायची नाही, खाली दुसरी लिहायची, म्हणजे पहिली लोकांना दिसत राहील. ही आयडिया माझी नाही, पंक्चरवाल्याची.

माझ्या गाडीतल्या एका पोट्ट्याचे मामा लॉस एंजेलिसला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, तिथं जुलै २०११ मध्ये ४०५ नंबरचा मोठा रस्ता पूल पाडायसाठी ५३ तास पूर्ण बंद ठेवायचं ठरलं. सगळं शहर घाबरलं होतं. लोकांना महिनाभर आधीपासून सांगत होते, आणि उशीर झाला तर कंत्राटदाराला दर १० मिनिटांना दंड होता. १७ तास आधीच उघडला म्हणे. मी ते दंडाचं पत्रात घातलं. मुलानं टाइप करून दिलं, तो हसला, म्हणाला बाबा, इथं १० मिनिटं नाही, १० दिवस लिहा. मी १० दिवस लिहिलं.

काल संध्याकाळी साडभावाच्या दुकानात गेलो, समोसे घेऊन. तो बोलला नाही, पण समोसा घेतला. पत्र वाचलं. पाच फुटांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या दारापुढं पाच फूट उरतच नाही, मोज." खरंच आहे, त्याच्या बाजूला विजेचा खांब आहे. खांब धरून साडेतीनच फूट भरतात असा माझा अंदाज. मी म्हटलं मग पत्र्याची रेघ तुझ्या दारापुढं आत घेऊ, तो म्हणाला आधी मोज.

तर येत्या रविवारी सकाळी ७ वाजता शाळेच्या गेटपासून मोजायला सुरुवात करू, प्रत्येक दुकानापुढं, दोन्ही गल्ल्यांची तोंडं आणि चेंबरही. उन्हाच्या आत आटोपू, पोहे माझ्याकडं. गिट्टी-चुरी भाऊ, तुम्ही आलात तर फार बरं होईल, तुमची कंपनी आम्ही विचारणार नाही. माझ्याकडं पाच मीटरचाच टेप आहे. कोणाकडं ३० मीटरचा असेल तर आणा. आणि रिकाम्या बाटल्याही आणा.